बेंझिनमधून ध्वनी किती वेगाने जातो? एका मोजमापाचा भारतीय इतिहास

१९३५ साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात एस. पार्थसारथी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शीर्षक अगदी रुक्ष होते: ‘बावन्न कार्बनी द्रवांमधील श्राव्यातीत ध्वनीच्या वेगाचे निर्धारण’. त्यात कोणतीही नवी संकल्पना नव्हती, कोणत्याही जुन्या सिद्धांतावर हल्ला नव्हता. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकामागून एक द्रव काचपात्रात ओतले गेले, त्यांतून मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाठवला गेला आणि प्रत्येकासमोर एक आकडा लिहिला गेला. याच खंडात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांचे ध्वनिलहरींमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनावरील सुरुवातीचे निबंधही आहेत. रामन-नाथ सिद्धांत आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. बावन्न द्रवांच्या तक्त्याचे नाव मात्र विषयाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी घेत नाही. तरीही भारतातील शेकडो प्रयोगशाळांत पुढे जे घडले, त्याचा धागा त्या तक्त्याशी अधिक जवळून जोडलेला आहे.

द्रवातील ध्वनीचा वेग मोजण्याची कल्पना त्याहून शंभर वर्षांपूर्वीची. १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली आणि सुमारे १३ किलोमीटरवर नाव उभी करून, पाण्यात बुडवलेल्या कर्ण्यातून तिचा आवाज ऐकला. आठ अंश सेल्सियसच्या पाण्यात वेग आला १४३५ मीटर प्रतिसेकंद, आणि आजच्या आकड्याशी ताडून पाहता तो थक्क करणारा आहे. पण ही पद्धत पाण्यापुरतीच. क्लोरोफॉर्मचे सरोवर कोठेही नाही, आणि असते तर त्याच्या काठी घड्याळ घेऊन बसायला कोणी धजावले नसते. प्रयोगशाळेत द्रव मिळतो तो शंभर-दोनशे मिलिलिटर. एवढ्या द्रवात ध्वनीला लागणारा वेळ मोजता येत नसेल, तर तरंगलांबी मोजावी लागते, आणि पात्रात बऱ्याच लहरी मावायच्या असतील तर लहरी बारीक हव्यात. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या दाबविद्युत् गुणधर्माचा उपयोग केला, आणि ती गरज भागली. योग्य रीतीने कापलेल्या क्वार्ट्झच्या चकतीला उच्च वारंवारतेचा विद्युत्दाब दिला की ती त्याच वारंवारतेने आकुंचन-प्रसरण पावते. १९२५ मध्ये अमेरिकेत जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी या स्फटिकावर वायूंसाठी इंटरफेरोमीटर उभा केला. दोनतीन वर्षांत हबर्ड आणि लूमिस यांनी तो द्रवांकडे वळवला.

मग १९३२ साली एकाच वेळी दोन ठिकाणी, अमेरिकेत डिबाय व सीअर्स यांना आणि पॅरिसमध्ये लुका व बिकार यांना, असे दिसले की ध्वनीने भरलेला द्रव प्रकाशाला विवर्तन-जाळीसारखा भासतो. लहरीच्या दाबलेल्या भागात घनता किंचित जास्त, म्हणून अपवर्तनांक किंचित जास्त. विरळ भागात कमी. या पट्ट्या जाळीच्या रेघांचे काम करतात. वारंवारता ७ मेगाहर्ट्झ आणि द्रव बेंझिन धरला, तर तरंगलांबी साधारण ०.१९ मिलिमीटर येते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाचाहून थोड्या अधिक रेघा. पाऱ्याच्या दिव्याचा हिरवा प्रकाश तीतून गेला की एक मीटर अंतरावरच्या पडद्यावर प्रकाशरेषा सुमारे तीन मिलिमीटरच्या अंतराने पडतात. छायाचित्राच्या काचेवर ते अंतर मोजायचे, त्यावरून तरंगलांबी काढायची, वारंवारतेने गुणायचे की वेग मिळाला. हलणारा भाग नाही, सूक्ष्ममापीचा स्क्रू नाही.

रामन आणि नाथ यांनी सोडवलेला प्रश्न वेगळा होता. पडद्यावर दोनचार नव्हे तर पुष्कळ रेषा दिसत, त्यांची तेजस्विता ध्वनीच्या तीव्रतेप्रमाणे विचित्र रीतीने कमीजास्त होई, आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण तोपर्यंत कोणाकडे नव्हते. पार्थसारथींना तेजस्वितेशी कर्तव्य नव्हते. त्यांना फक्त कोन हवा होता. त्यामुळे सिद्धांताचा वाद पुरता मिटण्याची वाट न पाहता तक्ता तयार होऊ शकला. पुढील वर्षी त्यांनी आणखी द्रव घेतले आणि द्रवांच्या मिश्रणांकडेही वळले. भारतातील मिश्रणांच्या अभ्यासाची ती जवळजवळ सुरुवातच म्हणता येईल. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत श्राव्यातीत ध्वनिकीचे काम त्यांनी चालू ठेवले.

एवढ्या खटाटोपाने हाती आलेला वेग ऊष्मागतिकीच्या अभ्यासकाला का हवा असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. न्यूटनने ध्वनीचा वेग माध्यमाच्या लवचीकतेवरून काढला होता आणि हवेच्या बाबतीत त्याचे उत्तर प्रत्यक्षाहून बरेच कमी आले. लाप्लासने चूक दाखवली: ध्वनीची लहर इतकी जलद असते की दाबलेल्या भागातील उष्णता बाहेर पडायला अवधीच मिळत नाही. म्हणून सूत्रात घालायची संपीड्यता स्थिर तापमानाची नव्हे, तर उष्णतेची देवाणघेवाण रोखलेल्या स्थितीतील, म्हणजे ॲडियाबॅटिक हवी. तिचे सूत्र लहानसे आहे. घनतेला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि गुणाकाराचा व्यस्त घ्यावा. २५ अंश सेल्सियसला बेंझिनची घनता ८७३.६ किलोग्रॅम प्रतिघनमीटर आणि ध्वनीचा वेग सुमारे १२९९ मीटर प्रतिसेकंद. यावरून ॲडियाबॅटिक संपीड्यता येते ६.७८ भागिले १० चा दहावा घात, प्रतिपास्कल. आता बेंझिनचा प्रसरणांक, मोलर आकारमान आणि विशिष्ट उष्णता ठाऊक असतील तर ऊष्मागतिकीचे एक काटेकोर समीकरण सांगते की स्थिर तापमानाच्या संपीड्यतेसाठी यात २.९१ मिळवावे लागतील. बेरीज ९.६९. बेंझिनला खरोखर पोलादी पात्रात घालून, दाब वाढवून, आकारमानातील घट मोजली तर येणारा आकडा याच्या अगदी जवळचा असतो.

म्हणजे शेकडो वातावरणांचा दाब, जाड भिंतींचे पात्र आणि दिवसचे दिवस लागणारा प्रयोग टाळून, टेबलावरच्या काचपात्रातून तीच माहिती मिळते. उलट बाजूने गेल्यास स्थिर दाब आणि स्थिर आकारमान यांवरील विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तरही हाती येते. बेंझिनसाठी ते सुमारे १.४३ आहे. द्रवाचे आकारमान स्थिर ठेवून त्याची विशिष्ट उष्णता थेट मोजणे किती कठीण असते हे ज्याने पात्राचे प्रसरण रोखण्याचा प्रयत्न केला आहे त्याला विचारावे. ध्वनीचा वेग हा ऊष्मागतिकीतला कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका आकडा आहे.

तक्ते तयार झाले की त्यांत नियम शोधणारा माणूस येतोच. १९४० आणि १९४१ मध्ये एम. रामा राव यांनी दाखवले की द्रवाच्या मोलर आकारमानाला ध्वनिवेगाच्या घनमुळाने गुणले तर मिळणारा आकडा तापमानाने जवळजवळ बदलत नाही. तापमान वाढले की कार्बनी द्रवांत वेग उतरतो, घनताही उतरते; पण वेगातली सापेक्ष घट घनतेतल्या घटीच्या जवळपास तिप्पट असते. बेंझिनसाठी ही तिप्पट प्रत्यक्षात २.९५ च्या आसपास भरते. दुसरा गुण त्याहून आकर्षक. हा आकडा रेणूच्या घटकांची बेरीज करून मिळवता येतो. हेक्झेन, हेप्टेन आणि ऑक्टेन घ्यावेत. २५ अंशांना मोलर आकारमाने अनुक्रमे १३१.६, १४७.५ आणि १६३.५ घनसेंटिमीटर; वेग सुमारे १०७७, ११३० आणि ११७२ मीटर प्रतिसेकंद. वेगाच्या घनमुळाने गुणल्यावर येतात १३४९, १५३६ आणि १७२४. दोन लगतच्या आकड्यांतील फरक १८७ आणि १८८. साखळीत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढले की आकडा तेवढ्याच पायरीने चढतो. वाचकाने स्वतः कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करून पाहावा. प्राथमिक गणिताच्या एवढ्या जवळ असलेला संशोधन-निष्कर्ष सहसा सापडत नाही.

‘राव स्थिरांक’ म्हणून हा आकडा जगभर ओळखला गेला. जपानमध्ये वाडा यांनी १९४९ मध्ये संपीड्यतेवर आधारलेले त्याचे भावंड मांडले. तो नेमका का चालतो याचे उत्तर मात्र कधीच पूर्ण समाधानकारक मिळाले नाही. रेणूंमधील आकर्षण-अपकर्षणाच्या बलांचे एक विशिष्ट रूप धरले तर तिप्पटीच्या जवळ पोहोचता येते, एवढेच. आणि पाणी त्याला जुमानत नाही: पाण्यातील ध्वनिवेग तापमानाबरोबर घटण्याऐवजी सुमारे ७४ अंशांपर्यंत वाढतच जातो, मग उतरू लागतो. पाण्याचे हे वागणे हायड्रोजन बंधांच्या जाळ्याकडे बोट दाखवते. नियमाइतकाच त्याचा अपवादही रेणूंविषयी सांगून जातो.

याच काळात भारतीय विज्ञान संस्थेच्या रसायन विभागात एक मराठी संशोधक ध्वनीलाच हाताशी धरून वेगळ्या वाटेने चालला होता. एस. के. कुलकर्णी-जतकर यांचे नाव महाराष्ट्रातही आज फारसे ऐकू येत नाही. जतकरांनी द्रव न घेता त्यांची बाष्पे घेतली. संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकात त्यांची ‘वायू आणि बाष्पांमधील श्राव्यातीत वेग’ ही निबंधमाला प्रसिद्ध झाली. १९३९ मधील तिच्या पाचव्या भागात ॲसिटोन, बेंझिन, सायक्लोहेक्झेन, हेक्झेन आणि मिथिल, एथिल, प्रोपिल हे तीन ईथर यांच्या बाष्पांची विशिष्ट उष्णता दिली आहे.

बाष्पच का? द्रवात प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या गर्दीत असतो आणि मोजलेल्या विशिष्ट उष्णतेत त्या गर्दीचा वाटा मिसळलेला असतो. विरळ बाष्पात रेणू एकटा असतो. तेथे जी उष्णता मुरते ती त्याच्या सरकण्यात, फिरण्यात आणि आतल्या कंपनांत. १९३०च्या दशकात हा प्रश्न ऐन भरात होता. वर्णपटांवरून रेणूंच्या कंपनांच्या वारंवारता काढता येऊ लागल्या होत्या, आणि त्यांवरून पुंजयामिकीच्या नियमांनी विशिष्ट उष्णता गणितानेही काढता येत होती. १९३६ मध्ये केम्प आणि पिट्झर यांनी दाखवले की इथेनच्या रेणूतील दोन मिथिल गट एकमेकांसापेक्ष मोकळेपणाने फिरत नाहीत. त्यांना अडथळा असतो. गणिताची अशी कसोटी घ्यायची तर बाष्पाचे विश्वसनीय मोजमाप हवे, आणि ईथर, ॲसिटोन यांसारख्या रेणूंसाठी ते विरळच होते.

या पद्धतीतली खोच अशी. वायूतील ध्वनिवेगावरून दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर मिळते. हवेसाठी हे गुणोत्तर १.४० आहे, बेंझिनच्या बाष्पासाठी ९७ अंशांच्या सुमारास ते जेमतेम १.०९. हवी असलेली सगळी माहिती एकानंतरच्या त्या ०.०९ मध्ये दडलेली असते. वेग सुमारे २०७ मीटर प्रतिसेकंद येतो. त्यात हजारात एकाची चूक झाली, म्हणजे वीस सेंटिमीटरची, तर विशिष्ट उष्णतेत चूक होते सुमारे अडीच टक्क्यांची. रेणू जितका मोठा तितके गुणोत्तर एकाच्या जवळ सरकते आणि चूक तितकी फुगते. शिवाय बाष्प आदर्श वायूसारखे वागत नाही, त्याची दुरुस्ती वेगळी. आणि वारंवारता फार वाढवली तर रेणूंच्या आतील कंपनांना लहरीबरोबर ऊर्जा घेऊन परत करायला वेळच उरत नाही. वेग खोटाच वाढलेला दिसतो. पिअर्स यांनी कार्बन डायऑक्साइडमध्ये ही गडबड १९२५ मध्येच पाहिली होती. मोठ्या कार्बनी रेणूंत ही देवाणघेवाण सहसा लवकर उरकते, म्हणून जतकरांची निवड अविचारी नव्हती, पण सोपीही नव्हती. यातील कष्टांकडे पाहता, एका बेंझिनच्या आकड्यामागे किती आठवडे गेले असतील याचा अंदाज विद्यार्थ्याने स्वतः बांधावा.

जतकरांचे दुसरे मोठे काम विद्युत्-गुणधर्मांवरचे. रेणूचे द्विध्रुव परिबल शुद्ध ध्रुवीय द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून थेट काढता येत नाही, कारण दाट द्रवात रेणू एकमेकांच्या क्षेत्रात अडकलेले असतात. १९४६ मध्ये जतकर, अय्यंगार आणि साठे यांनी यासाठी एक नवा संबंध सुचवला. ऑन्सॅगर आणि कर्कवूड यांच्या सिद्धांतांपुढे तो टिकला असे म्हणता येणार नाही. पाठ्यपुस्तकांनी त्याला जागा दिली नाही आणि त्यात अन्यायही झालेला नाही. पण त्या निमित्ताने मोजलेले आकडे उपयोगी राहिले. सिद्धांत मागे पडतो आणि त्याच्यासाठी केलेले मोजमाप पुढे चालत राहते, असे या क्षेत्रात वारंवार घडलेले दिसते. स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाची धुरा जतकरांकडे आली आणि भौतिकी रसायनशास्त्राची बंगळूरूतील शिस्त त्यांच्याबरोबर पुण्यात पोहोचली. द्रवांच्या डायइलेक्ट्रिक वर्तनाचा अभ्यास महाराष्ट्रात पुढेही फोफावला. मराठवाडा विद्यापीठात अल्कोहोल आणि त्यांच्या मिश्रणांवर विद्युत्-स्पंद सोडून त्यांचा प्रतिसाद काळाच्या मापाने टिपणारा, टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीचा एक जाणता गट उभा राहिला.

मोजणे ही एक विद्या, आणि इतरांनी मोजलेल्यातून खरे कोणते हे ठरवणे ही दुसरी. गोव्यातल्या कुडचडे गावाची खूण आडनावात वागवणारे ए. पी. कुडचडकर यांचे नाव या दुसऱ्या विद्येत आदराने घेतले जाते. १९६८ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये कुडचडकर, अलानी आणि झ्वोलिन्स्की यांनी कार्बनी पदार्थांच्या क्रांतिक स्थिरांकांचा आढावा प्रसिद्ध केला. द्रव आणि बाष्प यांतील भेद ज्या तापमानाला नाहीसा होतो ते क्रांतिक तापमान. बेंझिनसाठी सुमारे ५६२ केल्विन. बंद काचनळीत द्रव तापवत जायचे आणि द्रव-बाष्पामधली सीमारेषा कधी विरून जाते ते डोळ्यांनी टिपायचे, ही तिची जुनी रीत. अडचण अशी की अनेक कार्बनी पदार्थ त्या तापमानापर्यंत पोहोचण्याआधीच विघटित होऊ लागतात, आणि मग मोजले जाते ते मूळ पदार्थाचे नव्हे तर त्याच्या राखेचे क्रांतिक तापमान. कोणत्या प्रयोगकर्त्याने किती वेगाने तापवले, नमुना किती शुद्ध होता, तापमापक कोणत्या प्रमाणाशी जुळवला होता, हे जुन्या निबंधांतून खणून काढून प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची, हे काम कंटाळवाणे खरेच. रासायनिक कारखान्यातील उर्ध्वपातन स्तंभाची उंची ठरवणारा अभियंता मात्र याच आकड्यांवर विसंबून असतो. पुढे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून कुडचडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलोमिथेन कुळातील द्रवांच्या बाष्पदाबांचे असेच मूल्यमापन १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. शीतकपाटांत वापरली जाणारी अनेक द्रव्ये त्या कुळातलीच.

१९६० नंतर ध्वनिवेगाचे मोजमाप मोठ्या संस्थांतून बाहेर पडून महाविद्यालयांत आले. कारण व्यावहारिक होते. दोन मेगाहर्ट्झचा स्थिर वारंवारतेचा इंटरफेरोमीटर देशातच बनू लागला आणि महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात बसू लागला. धातूच्या लहान पात्रात दहा-बारा मिलिलिटर द्रव, तळाशी क्वार्ट्झ, वर स्क्रूने सरकणारी परावर्तक चकती. चकती अर्ध्या तरंगलांबीने सरकली की मापकाची सुई एकदा झुकते. बेंझिनमध्ये हे अंतर ०.३२५ मिलिमीटर. वीस झुकाव मोजले तर साडेसहा मिलिमीटर. त्यात एक शतांश मिलिमीटरची चूक म्हणजे वेगात दोन मीटर प्रतिसेकंदाची चूक. त्याच्या जोडीला घनतेसाठी विशिष्ट-घनता बाटली, विष्यंदितेसाठी काचेची केशनळी आणि तापमानासाठी पाण्याचे टाके. एवढ्या साहित्यावर पीएचडीचे काम उभे राहू शकत होते.

छत्तीसगडमध्ये उच्च शिक्षणाची वाट उशिरा उघडली. रायपूरचे छत्तीसगड महाविद्यालय १९३८ चे, विज्ञान महाविद्यालय १९४८ चे. १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथल्या महाविद्यालयांना सागर विद्यापीठाशी जोडून घ्यावे लागे. अशा ठिकाणी ज्या संशोधनाला द्रव हीलियम लागत नाही, कणत्वरक लागत नाही, पाणी आणि वीज असली की पुरते, ते संशोधन रुजणे स्वाभाविक होते. द्रावणांचे भौतिकी रसायनशास्त्र, पृष्ठसक्रिय द्रव्ये आणि अलीकडे आयनी द्रव हे रायपूरच्या विद्यापीठाचे परिचित विषय आहेत.

परंतु ‘पाणी आणि वीज’ इतके सरळ नाही. ऊष्मागतिकीच्या जागतिक तक्त्यांचे तापमान २५ अंश सेल्सियस, म्हणजे २९८.१५ केल्विन. युरोपातल्या प्रयोगशाळेत टाके थोडे तापवले की हे तापमान मिळते. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर असतो. साधे टाके फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. २५ अंश हवे असतील तर शीतकरणाची जोड हवी, ती महाग. म्हणून भारतीय शोधनिबंधांत ३०३.१५, ३०८.१५, ३१३.१५ केल्विन ही तापमाने पुन्हा पुन्हा दिसतात. मालेगावच्या महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालयातून २००६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात क्लोरोफॉर्म आणि पेंटॅनॉल, हेक्झॅनॉल, हेप्टॅनॉल यांच्या मिश्रणांवर एक निबंध प्रसिद्ध झाला, तापमाने ३०३.१५ आणि ३१३.१५ केल्विन. मालेगावचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश, पेंटेनचा ३६.१, डायक्लोरोमिथेनचा ४० च्या किंचित खाली: रायपूरच्या उन्हाळ्यात हे द्रव बाटलीचे झाकण काढताच निघून जाण्याच्या तयारीत असतात. पावसाळ्यात उलटी अडचण. अल्कोहोल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचा अल्पसा अंशही घनतेच्या चौथ्या दशांश स्थळी दिसू लागतो. यात एक लाभही आहे. उष्ण प्रदेशातील कारखाने, टाक्या आणि नळ चालतात ते याच तापमानांना, आणि ३५-४० अंशांचे आकडे थंड देशांतून पुरेसे येत नव्हते.

मिश्रणांच्या अभ्यासाला स्वतःचे एक खरे आकर्षण आहे. पन्नास मिलिलिटर पाणी आणि पन्नास मिलिलिटर एथेनॉल एकत्र केले तर शंभर होत नाहीत. तीन-चार मिलिलिटर कमी भरतात. हा फरक, आणि संपीड्यतेतला तसाच फरक, वेगवेगळ्या जातींच्या रेणूंची एकमेकांशी कशी वागणूक आहे हे सुचवतो. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन मिसळले की मिश्रण उबदार होते, कारण दोघांच्या रेणूंत हायड्रोजन बंध जुळतो. पण याच आकर्षणातून एक सवय जडली. मोजलेले आकडे तीन: घनता, विष्यंदिता, ध्वनिवेग. त्यांतून काढलेले रकाने दहाबारा: संपीड्यता, जेकबसन यांनी १९५०च्या सुमारास सुचवलेली रेणूंमधली मोकळी लांबी, मुक्त आकारमान, अंतर्गत दाब, ध्वनिरोध, शिथिलीकरण-काल आणि आणखी काही. तीन आकड्यांतून बारा आकडे काढले तरी माहिती तीनच आकड्यांची राहते. रकाने वाढले की पुरावा वाढला असा भास मात्र होतो. एका चिन्हाच्या बदलावरून ‘प्रबळ आंतररेणवीय अन्योन्यक्रिया’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होणारे निबंध भारतीय नियतकालिकांत इतके आहेत की खरोखर काळजीने केलेले काम त्यांच्या गर्दीत झाकले जाते. तरुण संशोधकाने पहिली कसोटी सोपी लावावी: त्याच उपकरणावर २५ अंशांच्या शुद्ध पाण्यात वेग १४९७ येतो का, आणि बेंझिन किंवा टोल्युइनची घनता मान्य आकड्याशी जुळते का.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ऊष्मागतिकीच्या पाच प्रमुख नियतकालिकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील थर्मोडायनॅमिक्स रिसर्च सेंटरशी करार करून स्वीकृतीच्या आधी प्रत्येक निबंधातील आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यास सुरुवात केली. सापडलेल्या दोषांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते, आणि ते जगभरातून येणाऱ्या निबंधांत होते. टोल्युइनसारख्या नेहमीच्या द्रवाच्या घनतेतही प्रसिद्ध आकड्यांमधली तफावत लेखकांनी सांगितलेल्या अनिश्चिततेहून कितीतरी मोठी निघाली. गंमत अशी की बाटलीच्या जागी आलेल्या नव्या उपकरणाने ही तफावत मिटवली नाही. १९६०च्या दशकात ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे विकसित झालेले कंपननळी घनतामापक द्रवाने भरलेल्या वाकड्या काचनळीच्या कंपनकाळावरून सहासहा अंकी घनता पडद्यावर दाखवते. नमुना ९९ टक्के शुद्ध असेल तर त्यातले शेवटचे दोनतीन अंक उरलेल्या एक टक्क्याविषयी बोलत असतात. उपकरणाची अचूकता आणि नमुन्याची शुद्धता यांतला हा फरक बाटली आणि तराजू वापरणाऱ्या पिढीला बहुधा अधिक चांगला कळत होता, कारण द्रव स्वतः उर्ध्वपातित करण्याचे काम त्यांच्याच हातून होई.

पार्थसारथींच्या आणि जतकरांच्या काळातला बेंझिन आज महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहजी उघडत नाहीत. तो कर्करोगकारक आहे. कार्बन टेट्राक्लोराइडचे उत्पादन ओझोनच्या थराला होणाऱ्या हानीमुळे आंतरराष्ट्रीय कराराने आवळले गेले. मिश्रणांच्या अभ्यासात कित्येक दशके प्रमाण मानलेले हे दोन द्रव आता जुन्या तक्त्यांतच अधिक भेटतात. त्यांची जागा घेऊ पाहणारे आयनी द्रव जवळजवळ बाष्पच देत नाहीत, त्यामुळे उत्कलनबिंदू किंवा क्रांतिक तापमान त्यांच्यासाठी थेट मोजताच येत नाही. तापवत गेले की ते आधी मोडतात. अशा द्रवाची संपीड्यता आणि विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढायचे झाले तर उरलेल्या थोड्या वाटांपैकी एक तीच जुनी आहे: लहान पात्र, क्वार्ट्झची चकती, एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर ठेवलेले टाके आणि द्रवातून जाणारा ध्वनी.